लघवीची घाई आणि न शिकवलेला व्यायाम: आरोग्य सेवा संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
आरोग्य सेवा संचालनालय, गोवा राज्य,
पणजी.

विषय: लघवीची अनावर घाई असणाऱ्या स्त्रियांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्यायामोपचार शिकवण्याची व्यवस्था व्हावी याबद्दल.

महोदय,

सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहणारी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली १९ वर्षे मी गुडघे, कंबर, खांदे आणि अर्धांगवायू यांवर उपचार करीत आले आहे आणि या सगळ्या काळात एक गोष्ट माझ्यासमोर पुन्हा पुन्हा घडत आली आहे. गुडघ्यासाठी आलेली बाई तपासणी झाल्यावर उठते, दाराशी जाऊन पायात चपला सरकवते आणि मग मागे वळून, आवाज खाली आणून म्हणते की आणखी एक विचारायचे होते. कोणी मराठीत सांगते, कोणी कोंकणीत ‘म्हाका धरूंक जायना’ एवढेच म्हणून थांबते. काय धरवत नाही, हे तिला पुढे सांगावे लागत नाही. दाराशी बोलले जाणारे ते वाक्य आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर कसे यावे आणि आल्यावर पुढे काय व्हावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वैद्यकशास्त्रात या तक्रारीला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय, असे म्हणतात. लघवीची अचानक येणारी आणि पुढे ढकलता न येणारी घाई हे तिचे मुख्य लक्षण. तिच्या जोडीने बहुधा दिवसातून आठाहून अधिक वेळा जावे लागते, रात्री झोपेतून उठावे लागते आणि काही जणींचे कपडे न्हाणीघरापर्यंत पोहोचण्याआधीच ओले होतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण सापडत नसेल तेव्हाच हे नाव लावायचे असते, म्हणून लघवीची आणि रक्तातील साखरेची तपासणी आधी झालीच पाहिजे. लघवीतून रक्त जात असेल, ताप आणि जळजळ असेल, लघवी तुंबत असेल किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला असेल तर व्यायामाची गोष्ट बाजूला ठेवून आधी डॉक्टरांनी पाहायला हवे. खोकताना, शिंकताना किंवा पाण्याची कळशी उचलताना थेंब जाणे ही याहून वेगळी तक्रार आहे, जरी पुष्कळ बायकांना दोन्ही एकत्र असल्या तरी.

ही तक्रार जिवावर बेतणारी नाही असे समजले जाते, त्यामुळे रांगेत ती नेहमी मागे राहते. तिच्यामुळे जगणे किती आखडते हे मात्र मी पाहिलेले आहे. वाळपईहून पणजीला मुलीकडे जाणारी एक बाई साखळीला कोठे उतरता येईल, डिचोलीला कोठे जाता येईल, याचा हिशेब मनात मांडूनच बसमध्ये चढत असे आणि पुढे तिने मुलीकडे जाणेच सोडून दिले. बाजारात भाजी घेऊन बसणारी दुसरी एक बाई सकाळच्या कपभर चहावर घरून निघते आणि दुपारी परतेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. तिला वाटते की पाणी कमी तर घाई कमी, पण दाट झालेली लघवी मूत्राशयाला अधिकच टोचते आणि पाण्याअभावी झालेला बद्धकोष्ठ वरून दाबतो तो वेगळाच. चवथीला घरोघर फुगड्या चालू असताना एके काळी जिच्याशिवाय फेर सुरू होत नसे, ती आता गुडघ्याचे निमित्त सांगून भिंतीला टेकून बसते. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, ढालो हा बायकांचा पारंपरिक नाच खेळताना मध्येच निघून जावे लागेल या भीतीने काही जणी मांडावर पाऊलच ठेवत नाहीत. भजनाला बसायचे ते दाराजवळ, लग्नाला जायचे ते गडद रंगाची साडी नेसून. वयस्क बायकांच्या बाबतीत तर रात्री अंधारात घाईने उठणे, ओल्या लादीवर पाय घसरणे आणि हाड मोडणे यांचा या तक्रारीशी संबंध संशोधनातही दिसून आलेला आहे. यांतल्या कितीजणींनी कधी कोणा डॉक्टरला सांगितले असेल असे विचारले, तर माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकींनी सांगितलेले नव्हते, आणि ज्यांनी सांगितले त्यांतल्या काही जणींना ‘वय झाले की असेच होते’ असे उत्तर मिळाले होते. वय झाले की हे अधिक आढळते हे खरे आहे, परंतु वयाबरोबर मोतीबिंदूही अधिक आढळतो आणि त्यासाठी आपण शिबिरे घेतो.

मूत्राशयाच्या तक्रारीवर व्यायाम कसा चालेल, हा प्रश्न बायका मला विचारतात आणि तो रास्त आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते आणि १५० ते २०० मिलीलिटर साठल्यावर पहिली जाणीव होते. निरोगी अवस्थेत ही जाणीव येते, मेंदू ‘आत्ता नको’ म्हणतो आणि ती मावळते. अतिक्रियाशील मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू पुरेसे साठण्याआधीच आकसू लागतो आणि त्यालाच बाई घाई म्हणते. आता ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात, जे मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार यांना आधार देतात. हे तळाचे स्नायू आवळले की मज्जारज्जूतून एक प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैलावतो. म्हणजे जो स्नायू आपल्या ताब्यात नाही, त्याला आपल्या ताब्यातल्या स्नायूकरवी शांत करता येते. शरीराची ही सोय निसर्गाने आधीच करून ठेवलेली आहे. बाईला ती वेळेवर वापरता यायला हवी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप आहे.

या स्नायूंचे व्यायाम अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली शास्त्रीय रीतीने मांडले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. केगेल यांचा मुख्य रोख खोकताना-शिंकताना थेंब जाण्यावर होता, आणि या व्यायामाचा सर्वांत भक्कम पुरावाही त्याच तक्रारीसाठी आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. घाईच्या तक्रारीत नुसते स्नायू बळकट करून भागत नाही. त्याला घाई शमवण्याचे तंत्र आणि मूत्राशयाला वेळ पाळायला शिकवणे यांची जोड द्यावी लागते. अशी जोड दिल्यावर काय होते, हे १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रियांचे तीन गट केले होते: पहिल्या गटाला हे प्रशिक्षण, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन हे औषध आणि तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. लघवी सुटण्याचे प्रसंग पहिल्या गटात सरासरी ८०.७ टक्के, दुसऱ्यात ६८.५ टक्के आणि तिसऱ्यात ३९.४ टक्के कमी झाले. ९२ वर्षांच्या वयापर्यंतच्या बायका या अभ्यासात होत्या, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते, कारण ‘आता या वयात काय व्यायाम’ हे वाक्य मी मुलांच्या आणि सुनांच्या तोंडून फार ऐकले आहे.

आता मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे, कारण या पत्राची मागणी तिच्यातूनच आलेली आहे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत अशी बाई आली की मी तिला एक छापील कागद देत असे. त्यावर आकृती होती आणि खाली लिहिले होते की लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळा, दहा मोजा, सोडा, दिवसातून तीन वेळा करा. कागद देऊन मी माझे कर्तव्य झाले असे मानत होते. एक बाई तीन महिन्यांनी परत आली. तिने एक दिवसही न चुकवता व्यायाम केला होता आणि तिचा त्रास वाढला होता. मी पहिल्यांदाच तिला माझ्यासमोर करून दाखवायला सांगितले तेव्हा कळले की ती श्वास कोंडून, पोट घट्ट करून, शौचाला बसल्यासारखी खाली जोर करीत होती. आत आणि वर उचलायचे स्नायू ती दिवसातून तीन वेळा, तीन महिने, खाली ढकलत आली होती. तिची काहीच चूक नव्हती. तिला कोणी शिकवलेच नव्हते.

हे तिच्या एकटीच्या बाबतीत घडलेले नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हे स्नायू आवळायला सांगितले आणि त्याच वेळी मूत्रमार्गातील दाब मोजला. त्यांतल्या २३ जणींना, म्हणजे जेमतेम निम्म्यांना, ते योग्य जमले, आणि १२ जणींची पद्धत तर लघवी सुटण्याला हातभार लावील अशी होती. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. दंडाचा व्यायाम चुकला तर आरशात दिसतो, हा चुकला तर करणारीला कळत नाही. म्हणून कागद वाटणे, भिंतीवर फलक लावणे किंवा मोबाईलवर व्हिडिओ पाठवणे याला मी उपचार म्हणायला तयार नाही. व्यायाम शिकवणारी बाई समोर असली पाहिजे, तिने बरोबर-चूक पाहिले पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटले पाहिजे.

शिकवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण याला किती वेळ लागतो हे कळल्याशिवाय व्यवस्था आखता येणार नाही. पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो. बाईला तीन दिवसांची नोंदवही दिली जाते, जिच्यात ती किती वाजता काय प्यायली, किती वाजता गेली, मापाच्या भांड्यात किती लघवी भरली आणि घाई किती होती हे लिहिते. लिहिता येत नसेल तर नात किंवा सून लिहिते किंवा रेघा ओढल्या तरी चालतात. ही वही भरली की अर्धे निदान तिचे तिलाच होते. घाई डोंगराएवढी आणि भांड्यात लघवी वाटीभर, हे ती आपल्या डोळ्यांनी पाहते. घरातून निघताना ‘असू दे, जाऊन येते’ म्हणून गरज नसताना जाण्याची सवय आपल्या मूत्राशयाला थोड्यावरच ओरडायला शिकवत आली आहे, हेही तिच्या लक्षात येते, आणि दिवसाचे पाच-सहा कप चहा वहीत ओळीने दिसले की त्यातले दोन मला काही न सांगताच कमी होतात.

त्यानंतर स्नायू ओळखण्याचे काम. वारा सुटू नये म्हणून आपण जसे मागून आवळून धरतो, तसे आवळून ती पकड पुढच्या बाजूला आणायची आणि आत-वर उचलायची. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल, श्वास चालू. बाईची संमती असेल तर बोटाने आतून तपासता येते आणि तीच खात्रीची पद्धत आहे. ती नको म्हणाली तर गुंडाळलेल्या टॉवेलवर बसवून किंवा कपड्यांवरून बाहेर हात ठेवूनही बरेच समजते. काही जणींचे हे स्नायू मुळात सैल नसून कायमचे आखडलेले असतात, त्यांना आधी सोडायला शिकवावे लागते, आवळायला लावले तर दुखणे वाढते. हे कागदाला कसे कळणार? लघवी चालू असताना मध्येच थांबवून रोज सराव करण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो, तो बंद व्हायला हवा, कारण त्याने मूत्राशय नीट रिकामे होण्याची क्रिया बिघडू शकते. योगातला मूलबंध, म्हणजे हेच तळाचे स्नायू वर खेचून धरण्याची क्रिया, शिकलेल्या बायकांना ही हालचाल लवकर सापडते असा माझा अनुभव आहे. तरीही योगवर्गाला जा एवढे सांगून हात झटकता येणार नाहीत.

स्नायू सापडला की एका वेळी आठ ते बारा आवळण्या, प्रत्येक हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरायची, तेवढाच वेळ पूर्ण सोडायची, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. याच्या बरोबरीने घाईचा क्षण कसा पार करायचा ते शिकवायचे. घाई आली की धावायचे नाही. धावण्याने पोटावरचा दाब वाढतो आणि मनही घाबरते. जागीच उभे राहायचे किंवा खुर्चीच्या कडेवर बसायचे, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळायचे आणि सोडायचे, लांब श्वास घ्यायचा, मनात उलटे आकडे मोजायचे किंवा एखादा अभंग म्हणायचा. घाई लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरल्यावर सावकाश चालत जायचे. सुरुवातीला पाच मिनिटे थांबता आले तरी पुष्कळ झाले. दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत नेले, तर तासाला जाणारी बाई काही आठवड्यांत तीन तास थांबू शकते. वाळपईची ती बाई अकराव्या आठवड्यात पणजीला जाऊन आली आणि मध्ये कोठेही न उतरता आली, हे तिने मला फोन करून सांगितले तेव्हा तिला रडू आवरत नव्हते.

औषधांना माझा विरोध नाही. काही बायकांना व्यायाम पुरत नाही, त्यांना गोळ्या लागतात, काहींना दोन्ही लागते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा आहे. मात्र ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचाला साफ होत नाही आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिली पायरी व्यायामाची आणि मूत्राशयाच्या प्रशिक्षणाची असावी, असे ब्रिटनसारख्या देशांच्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलेले आहे. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचाही फायदा होतो: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ज्या गटाने सरासरी आठ टक्के वजन कमी केले, त्यांचे लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले होते.

आता माझी विनंती. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे ही मोठी ठिकाणे आहेत, पण बारा आठवडे, दर आठवड्याला, दोन बसगाड्या बदलून सत्तरी तालुक्याच्या किंवा सांगे-काणकोणच्या आतल्या गावातून बाई तेथे जाणार नाही. जिला बसमध्ये बसण्याचीच भीती आहे तिला तर आपण बसनेच पाठवत असतो. म्हणून ही शिकवणी प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. तेथे आठवड्यातून एक दुपार पुरे. एक स्त्री फिजिओथेरपिस्ट दोन किंवा तीन केंद्रांना मिळून चालेल, आणि ती न आलेल्या दिवशी विचारपूस करण्यासाठी केंद्रातल्या एका नर्सबाईला नीट शिकवलेले असावे. पहिली भेट प्रत्येकीची स्वतंत्र व्हावी, पुढच्या भेटी सहा-आठ जणींच्या गटात झाल्या तरी हरकत नाही. उलट गटात बसल्यावर आपण एकट्याच नाही हे कळून बायका मोकळ्या होतात. यंत्रसामग्री फारशी लागत नाही. तपासणीचे टेबल, हातमोजे, मापाचे भांडे, वह्या आणि आतून कडी लावता येईल अशी खोली एवढे पुरते, आणि यांत मिळायला सर्वांत कठीण खोलीच असते.

दुसरी विनंती प्रश्न विचारण्याची. रक्तदाब मोजताना किंवा बाळंतिणीची तपासणी करताना नर्सबाईने हळू आवाजात दोन प्रश्न विचारावेत: लघवीची घाई झाली तर थांबता येते का, आणि कधी कपडे ओले होतात का. बायका आपणहून सांगत नाहीत, विचारले तर सांगतात. नोंदणीच्या खिडकीशी, मागे पंधरा माणसे उभी असताना, ‘काय होते?’ असे विचारल्यावर कोणतीही बाई गुडघाच सांगणार.

वेळापत्रकाविषयी एक सूचना करते, कारण चांगली योजना चुकीच्या महिन्यात सुरू झाली की फसते. पावसाळ्यात शेतीची गडबड असते, पुढे चवथ येते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस काजूच्या बागायतींत बोंडू वेचायला सुरुवात झाली की डोंगराकडच्या गावांत दुपारी घरी कोणी सापडत नाही. कापणी आटोपल्यावर, कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास गट सुरू केला तर बारा आठवडे काजूच्या हंगामाआधी पूर्ण होतात.

माझ्या भागातील कोणत्याही एका आरोग्य केंद्रात अशा पहिल्या गटासाठी दर बुधवारची दुपार मी विनामूल्य द्यायला तयार आहे. नोंदवहीचा मराठी आणि कोंकणी नमुना माझ्याकडे तयार आहे आणि नर्सबाईंना शिकवण्यासाठी लागणारे दोन दिवसही मी देईन. आपल्या कार्यालयाने केंद्र आणि खोली ठरवून कळवावे, म्हणजे ऑक्टोबरमध्येच त्या केंद्रात येऊन मी पहिल्या बायकांची नावे नोंदवून घेईन.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
डिचोली तालुका, गोवा